टेबलाचे पाय

दारावर थाप पडली तशी उबाल्दिनाने कानेलाला उचलून एप्रनच्या खोल खिशात टाकलं आणि खिशाच्या तोंडाला सेफ्टी पिन लावली. कानेला म्हणजे तिची खार, दालचिनीच्या रंगाची. एरवी खिशात कोंडलं की ती थयथयाट करायची. आज नुसती पडून राहिली.

दारात वनखात्याची जनावरांची डॉक्टर उभी होती. पेरेइरा शहरातून मोटारसायकलवर आलेली, बुटांना चिखल, हातात जाळीचा पिंजरा.

"दोन्या उबाल्दिना," तिकडच्या रीतीने बाईंना मान देत ती म्हणाली, "तुमच्याकडे खार आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"फोन आला होता."

"समोरच्या ओतिलियाचा असणार. तिला म्हणावं, माझ्या घरावर ठेवतेस तेवढी नजर नवऱ्यावर ठेवली असतीस, तर पळाला नसता तो."

डॉक्टर हसली नाही. "घर बघावं लागेल मला."

"बघा की. कॉफी घेणार ना?"

आलेल्याला कॉफीशिवाय परत पाठवणं त्या डोंगरात कुणाला जमत नाही, मग तो जप्तीला आलेला का असेना. उबाल्दिना पोट चुलीपासून लांब धरून उभी राहिली. खिशातली ती इवलीशी धडधड तिला एप्रनमधून जाणवत होती. तीन दिवस कानेलाच्या पोटात काही नव्हतं. दुधात कालवलेला पाव, गुळाच्या पाण्यात भिजवलेलं बिस्किट, कुस्करलेलं केळं, सगळं करून झालं. कानेला तोंडाशी न्यायची आणि टाकून द्यायची. उबाल्दिनाचा जीव आधीच टांगणीला लागलेला, त्यात ही पिंजरा घेऊन हजर. परक्या हातात गेली तर कानेला भीतीनेच मरेल, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

डॉक्टरने पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, पडद्यांच्या कडा उचलून पाहिल्या. मग ती उकिडवी बसली आणि टेबलाच्या चारही पायांवरून बोटं फिरवू लागली. खुर्चीची पाठ, दाराची चौकट, खिडकीची फळी. उबाल्दिनाने कॉफीचा कप टेबलावर ठेवला.

डॉक्टर उठून खुर्चीत बसली आणि कप घेतला.

"माफ करा दोन्या, तुम्हाला उगाच त्रास दिला. या घरात खार नाही."

उबाल्दिनाच्या जिवात जीव आला. "मी काय वेगळं सांगत होते? पण तुम्हाला कसं कळलं?"

"टेबलाचे पाय शाबूत आहेत. घरात खार असली की लाकूड शिल्लक राहत नाही. कुरतडावंच लागतं तिला. दात मरेपर्यंत वाढत असतात. झिजले नाहीत तर आत वळतात, टाळूत घुसतात. मग पुढ्यात अन्न असून उपाशी मरते. लोक लाडानं मऊ मऊ भरवतात, दाणे सोलून देतात." तिने कॉफीवर फुंकर मारली. "मागच्या महिन्यात एक आणली होती. उशीर झाला होता."

उबाल्दिनाने एकही दाणा टरफलासकट कधी दिला नव्हता. कानेलाने चौकटीला दात लावला की 'अगं, कुसळ टोचेल' म्हणून ती तिला उचलून घ्यायची. तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं तिला. तिचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"आणि उशीर झालेला नसेल तर?"

"तर आमच्या प्राणी-केंद्रात नेऊन दात घासून आखूड करतो. मग हळूहळू कुरतडायला लावतो."

"आणि परत देता?"

"कुणाला?" डॉक्टर उठली. "रानातलं जनावर रानात जातं, दोन्या. कॉफी फक्कड होती."

तिने कागदावर दोन ओळी खरडल्या, पिंजरा उचलला आणि ती बाहेर पडली. उबाल्दिना दारात येऊन उभी राहिली. समोर ओतिलियाचा पडदा हलला. आणखी मिनिटभर तोंड मिटून उभं राहायचं, की जिंकली. कानेला तिचीच राहणार होती, याच खिशात, आणखी दोन दिवस, फार तर तीन.

मोटारसायकल सुरू झाली.

"पोरी, थांब!"

घाईत पिन काढताना तिने ती स्वतःच्याच बोटात टोचून घेतली. डॉक्टरने इंजिन बंद केलं, खार हातात घेतली आणि अंगठ्याने तिचा ओठ वर केला. वरचे दात गळासारखे आत वळले होते.

"किती दिवस उपाशी आहे?"

"तीन."

"आणि मी आत कॉफी पीत बसले होते! बोलायचं नाही तुम्ही?"

"तू न्यायला आली होतीस ना," उबाल्दिना म्हणाली. मग हळूच विचारलं, "वाचेल?"

"सांगता येत नाही. आत्ता निघाले तर कदाचित."

पिंजऱ्याचं दार लागलं. डॉक्टरने मघाचा कागद फाडला, दुसरा काढला आणि मोटारसायकलच्या सीटवर ठेवून भराभर लिहिला.

"जप्ती लिहिली तर तुमच्यावर खटला होईल. म्हणून 'स्वखुशीने सुपूर्द' असं लिहिलंय. इथं सही करा."

उबाल्दिनाने कागद डोळ्यांजवळ नेऊन ती ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग तिने कागद परत केला.

"'सुपूर्द' राहू दे," ती म्हणाली. "'स्वखुशीने' तेवढं खोड."