खांदा ते घोटा

तीस वर्षं लोकांची मापं घेतोय; बायकोचे गाऊनही मीच शिवतो. यंदाचा गाऊन तिच्या पायात यायला लागला. "अहो, हात म्हातारा झाला तुमचा," ती हसली आणि पाठ धरून खाली बसली.

पाठीचं दुखणं दोन वर्षांचं. मलमं झाली, पट्टा झाला. शेवटी कुणीतरी रक्त तपासायला लावलं, मग कमरेच्या हाडात सुई घालून नमुना काढला. मायलोमा निघाला, म्हणजे हाडांच्या आतल्या मज्जेचा कॅन्सर.

"औषधं आहेत, उद्यापासूनच सुरू करू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हाडं पोखरून मणके खचलेत. उंची कमी होतेय, हे घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

दुकानात येऊन मापांची वही काढली. खांदा ते घोटा, एकोणपन्नास इंच. पुढच्या वर्षी अठ्ठेचाळीस. यंदा सत्तेचाळीस.



शेवटच्या दोन्ही आकड्यांवर काट मारून मीच पुन्हा एकोणपन्नास लिहिलं होतं, आणि समासात, दोन्ही वेळा : टेप ताणली आहे, नवी घेणे.