रुमाल टाकलेली जागा

सत्त्याण्णव साली मी जुनी फ्रेंच व्यंगचित्रांची पुस्तकं जमवायचो. मुरबाडच्या रद्दीवाल्याला वाटायचं, मला फ्रेंच येतं. चित्रांखाली शब्दच नसायचे, त्यामुळे धसईत माझ्या शेजारी राहणारा सुदाम आणि मी सारखेच विद्वान होतो. दुपारभर ओटीवर बसून आम्ही खिदळायचो. तसं हसणं पुन्हा जमलं नाही.

त्या दिवशीच्या पुस्तकात एक बस होती, खच्चून भरलेली. खिडकीजवळची एकच जागा रिकामी, आणि तिच्यावर रुमाल.

"तिकडंपन रुमाल टाकून जागा धरतात काय रे!" सुदाम हसला. मग त्याने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "बिडीनं जळलेलं भोक बघ. माझाच हाय हा."

"तुझा खिशात असेल."

"नाय रे. सकाळी मुरबाडच्या गाडीत खिडकीतून टाकला. गर्दीत मला चढायलाच गावलं नाय. गाडी रुमाल घेऊन गेली."

मी हसलो. तो हसला नाही.

चित्रातले उतारू मघाशी समोर बघत होते. आता सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या होत्या.

मी घाईघाईने पुस्तक मिटायला गेलो. सुदामने पानावर हात ठेवला.

"थांब जरा," तो हळूच म्हणाला, "वाट देतायत मला."