कमजोर छाती

"स्कॅनची पाकिटं बदलली आहेत, मॅडम," रूपराव दुसऱ्यांदा म्हणाले. "भरती मला करा. टीबी मला झाला होता, ह्याला नाही."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली दुपार होती. वर्ध्यातल्या दवाखान्याच्या सीटी स्कॅन सेंटरच्या बाकावर त्यांचा धाकटा भाऊ नानाजी खोकत बसला होता.

दोघे आले होते ते रूपरावांसाठी. चार दिवसांचा ताप, त्यात लहानपणापासूनची कमजोर छाती. नानाजी गावाहून, गिरडहून, पिपरी मेघेला त्यांच्या घरी धावत आला आणि त्यांना इथे घेऊन आला. तोही खोकतो आहे हे पाहून डॉक्टर प्रेरणाने दोघांचेही स्कॅन करायला लावले. आणि आता ती म्हणत होती, रूपराव, तुमची फुप्फुसं स्वच्छ आहेत, गोळ्या घ्या नि घरी जा. नानाजींचा स्कोअर मात्र पंचवीसपैकी सोळा, शिवाय टीबीचा जुना व्रण. त्यांना आत्ताच भरती करावं लागेल.

रूपरावांना काही उमजेना. साठ वर्षांपूर्वी दोघेही भाऊ महिनाभर खोकत होते. वडिलांनी दोघांच्याही छातीचे फोटो काढवले. थोरला म्हणून रूपरावांची शाळा सोडवून त्यांना वखरामागे लावायचं तेव्हा ठरलंच होतं. त्यांच्या फोटोत टीबी निघाला आणि ते टळलं. ते वर्षभर खाटेवर वाचत पडले. दूध-अंडी त्यांना, औषध आणून द्यायचं काम नानाजीचं. चौथीतून उठून वखरामागे गेला तोही नानाजीच. रूपराव पुढे मास्तर झाले. आजवर कोणी त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नव्हती.

डॉक्टरने पडद्यावर व्रणाच्या स्कॅनवर बोट ठेवलं. "ह्या दोन फासळ्या मोडून जुळल्या आहेत. तुम्हाला कधी मार लागला होता?"

रूपराव पडद्यापाशी वाकले. बैलाने छातीत मारलं होतं ते नानाजीला. सारं गिरड बघायला लोटलं होतं.

म्हणजे पाकिटं बरोबर होती. मग तेव्हाचा तो फोटो?

"नानाजी, हे काय होऊन राह्यलं रे?" ते बाकापाशी गेले.

"भरतीची खाटही तूच घेतं काय, दादा?" नानाजी हसायला गेला आणि खोकल्याने वाकला. "एक वर्स लोळला ना खाटेवर. आता मले लोळू दे."

वॉर्डबॉयने चाकाची खुर्ची आणली. नानाजी तिच्यात बसला. रूपरावांनी खुर्चीचा दांडा धरून ठेवला.

"अरे, पण तवाच्या त्या दवाखान्यानं एवढी मोठी चूक काऊन केली असन?"

नानाजीने मास्क नाकावर ओढला.

"दवाखान्याची चूक नाई, दादा. बाबाले कुठं वाचता येत होतं? फोटोच्या पाकिटांवरची नावं मीच वाचून दाखवली होती."