सरांची स्पोर्ट्स कार

पाथरीत क्लासेस चालवणाऱ्या सारंग सरांनी हैदराबादहून जुनी, पण अस्सल इटालियन स्पोर्ट्स कार अर्ध्या किमतीत आणली. आठवडाभरात गल्लीतल्या गतिरोधकावर तिचं पोट घासलं. दुरुस्तीचा खर्च एका नव्या साध्या गाडीइतका निघाला, आणि विकायला काढली तर कुणी पाव किंमतही देईना.

सर तडक नगरपालिकेत गेले. “एवढा उंच ब्रेकर करायला कोणत्या शहाण्यानं सांगितलं होतं?”

मुंजाजी क्लार्कनं जुनी फाईल काढून त्यातला अर्ज पुढं सरकवला. “सर, तुमीच वाचा.”

सर मोठ्यानं वाचू लागले, “गतिरोधक चांगला उंच करावा. त्याशिवाय या गाडीवाल्यांची मस्ती जिरणार नाही...”



खाली सही त्यांचीच होती.