पाठमोरी

फोन आला तेव्हा मिस्त्री पंख्याच्या मोटारीत तार भरत होता. वेढे मोजताना बोललं की मोजणी चुकते, म्हणून त्याने हातानेच थांबायची खूण केली. शेजारच्या दुकानदाराने फोन उचलला, ऐकून घेतलं आणि तसाच उभा राहिला. मिस्त्रीने वेढे पूर्ण केले, टोकाला गाठ मारली, मग वर पाहिलं. शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर काही विचारायची गरज उरली नाही.

बायको बसमधून उतरत होती. मागून ट्रक आला.

हॉस्पिटलच्या तळघरात मेहुणा आधीच पोचला होता. टेबलावर तिची पर्स, घड्याळ आणि एक चप्पल ठेवली होती. शंकेला जागा नव्हती. तरी तिथला माणूस म्हणाला, "घरच्या कोणालातरी एकदा बघायला लागेल."

मिस्त्री मेहुण्याचा दंड धरून आत गेला. चादर सरकल्याचा आवाज आला आणि त्याने डोळे गच्च मिटले.

"कशी आहे रे?"

"ताईच आहे," मेहुणा म्हणाला. "झोपल्यासारखी दिसतेय, भाऊजी."

तिला तिथूनच बांधून दिलं. आता उघडू नका, असं जो तो सांगत होता. मिस्त्रीने उघडलं नाही. झोपल्यासारखी दिसतेय, एवढ्या एका वाक्यावर त्याने पुढचे दिवस ढकलले.

वर्ष सरत आलं तेव्हा एका रविवारी सकाळी मेहुणा दुकानात आला. "जुन्या टॉकीजला ताईचा सिनेमा लागलाय. चला."

ताईचा सिनेमा म्हणजे भुताचा. काळा-पांढरा, खरखरत्या आवाजाचा. त्यात एका बंगल्याच्या जिन्यावर एक बाई उभी असते. सिनेमाभर ती पाठमोरीच दिसते आणि अगदी शेवटी वळते. बायकोला भुताचे सिनेमे जिवापाड आवडायचे, आणि त्यातलं एकही भूत तिने कधी पाहिलं नव्हतं. ऐन वेळी ती तोंड ओंजळीत लपवायची आणि विचारायची, "अहो, काय दिसतंय?" मिस्त्री सांगायचा. या बाईला डोळेच नाहीत, असं त्याने एकदा सांगितलं. पुढच्या खेपेला म्हणाला, कसली रागाने बघतेय.

"मागच्या वेळी डोळे नव्हते ना तिला?"

"मधे ऑपरेशन झालं असेल."

बायको इतकी हसली होती की पुढच्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं. खरं म्हणजे मिस्त्रीसुद्धा डोळे मिटूनच बसायचा. हे त्याने तिला सांगितलं नव्हतं.

टॉकीजच्या दारावरचा म्हातारा त्याला ओळखत होता. "बाई नाही आल्या?"

"नाही," मिस्त्री म्हणाला.

म्हाताऱ्याने तिकिटं फाडून अर्धी परत दिली.

"इतक्या जुन्या सिनेमाला एवढी गर्दी?" मेहुणा काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"असते की. भीती काय, बाहेरही वाटते. इथं निदान ठाऊक असतं, शेवटी दिवे लागणार."

आज डोळे उघडे ठेवायचे, असं मिस्त्रीने मनाशी ठरवलं होतं. तिने इतक्यांदा विचारलं, एकदा तरी खरं काय ते आपण पाहावं. सुरुवातीला पोरं हसत होती. बाईच्या साडीवर कोणीतरी काही बोललं, शिट्टी पडली. मग हळूहळू हसणं थांबलं. जिना आला. बाई आली. तिचा खांदा हलला. मिस्त्रीने खुर्चीचा हात घट्ट धरला.

डोळे आपोआप मिटले.

समोर कुणीतरी किंचाळलं. सगळीकडून सुटकेचं हसू फुटलं. दिवे लागले.

लोक उठून जायला लागले. हे दोघे बसून राहिले.

"कशी होती?" मेहुण्याने विचारलं.

"कोण?"

"ती बाई. वळल्यावर."

"तू नाही बघितलंस?"

"मी कुठला बघतोय, भाऊजी. लहानपणापासून मी डोळे मिटतो. ताई शेजारी बसून सांगायची, आता असं दिसतंय, आता तसं दिसतंय."

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. ताईने काय पाहिलं असेल, ते त्याला माहीत होतं.

"आणि त्या दिवशी?" त्याने विचारलं.

मेहुण्याने हातातल्या अर्ध्या तिकिटाची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली.

"तुम्ही विचारलंत, कशी आहे म्हणून," तो म्हणाला. "काहीतरी सांगायला हवं होतं."

"म्हणजे तूसुद्धा."

"हो."

दारावरचा म्हातारा झाडू घेऊन आत आला. रांगांमधून कागद आणि दाणे लोटत तो त्यांच्यापर्यंत पोचला आणि थांबला. "बसा, बसा," तो म्हणाला. "पुढच्या खेळाला वेळ आहे."

मिस्त्रीने समोर पाहिलं. पडदा पांढरा होता. ती बाई दुपारी पुन्हा जिन्यावर येणार होती, पुन्हा वळणार होती, आणि ज्याला बघायचं त्याला ती बघता येणार होती.

बायकोचं शेवटचं तोंड घरातल्या कोणीच पाहिलेलं नव्हतं. ते राहिलं.