सनीचे टक्के

सरितानं सनीचा हात सोडला. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, भर गर्दीत आणि मुद्दाम. आठ वर्षांचा सनी क्षणभर जागीच उभा राहिला. मग डोक्यावरच्या पंख्याची घरघर असह्य होऊन त्यानं दोन्ही कान दाबून धरले आणि किंचाळायला सुरुवात केली. एरवी सरितानं त्याला लगेच पोटाशी आवळलं असतं. आज ती भिंतीला पाठ टेकून बसून राहिली.

हा सल्ला आक्काबाईचा. पेठ रोडच्या वस्तीत ती शेजारच्याच खोलीत राहायची आणि तिच्या नातवाला पहिल्याच फेरीत अपंगत्वाचा दाखला मिळाला होता. साहजिकच या विषयात तिच्यापुढं कोणाचं काही चालत नसे. "तुझं पोरगं तिथं लय गुणी बसतं, तिथंच घात होतो," ती म्हणाली होती. "आमच्या पोरानं टेबलावरचं समदं खाली लोटलं, लगेच टक्के मिळाले. तू मधी पडू नको. रडू दे त्याला."

सनी स्वमग्न होता. बोलत नसे, बोलावलं तर बघत नसे. हे वस्तीत कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं, सरकारला तेवढं लागत होतं. तपासणीत अपंगत्वाचे चाळीस टक्के भरले की दाखला. दाखला असला की पंचवटीतल्या केंद्रात निकिताताई त्याला दिवसभर ठेवून घेणार होत्या. दाखल्याशिवाय मूल घ्यायचं नाही, असं त्यांच्या संस्थेचं बंधन होतं.

मागच्या वर्षी टक्के कमी पडले. तेव्हा सरितानं त्याला रात्रभर थोपटलं होतं, भांग पाडून, पावडर लावून नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिनं मान ताठ ठेवून उत्तर दिलं होतं. पोराला कोणी नावं ठेवू नयेत, एवढंच त्या वेळी तिच्या मनात होतं. तेव्हापासून पहाटे बाजारात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला जाताना ती खोलीला बाहेरून कडी लावायची. नवरा टेम्पोवर असायचा. तो घरी आला तरी "तुझं तू बघ" म्हणून कूस बदलायचा. आणि परवा ती परत आली तर दारावर डोकं आपटून आपटून सनीनं कपाळ फोडून घेतलेलं. जखम अजून ओली होती.

"अवो बाई, पोराला आवरा की! एक ठेवून द्या," रांगेतून कोणीतरी म्हणालं. सरितानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आपण फार वाईट वागतो आहोत हे तिला कळत होतं. पण ती इतकी दमली होती की स्वतःला दोष द्यायचंही त्राण उरलं नव्हतं.

नाव पुकारलं तोवर सनीचा आवाज बसला होता. आतल्या डॉक्टर मॅडम नव्या होत्या. लोट बाबा, टेबलावरचं सगळं लोट, असं सरिता मनातल्या मनात म्हणत राहिली. सनीनं कशालाच हात लावला नाही. तो टेबलाखाली शिरला आणि स्वतःचंच मनगट चावू लागला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आधी त्याला शांत करा. घरी काय करता ते करा."

"नको मॅडम, असू द्या. तो असाच असतो."

"हाताला रक्त आलंय त्याच्या."

मग मात्र सरिताला राहवलं नाही. चुलीत गेले ते टक्के. ती तिथंच फरशीवर आडवी झाली, त्याला ओढून अंगावर घेतलं, दोन्ही हातांनी त्याची पाठ गच्च आवळली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकसुरी हुंकार धरला. बाहेर रांग खोळंबली. बऱ्याच वेळानं सनीचे दात सुटले, अंग सैल पडलं, आणि तो तिच्या गळ्यात तोंड खुपसून पडून राहिला. एवढा गुणी, की बघणाऱ्यानं दृष्ट काढावी. संपलं सगळं, सरिताला वाटलं. उगाच सकाळभर लेकराला रडवलं.

"मागच्या वेळी तुम्ही सांगितलंय की हा जेवतो," जुना कागद बघत मॅडम म्हणाल्या.

"जेवतो की. टाकत नाय काही."

"घास कोण भरवतं?"

"मी."

"अंघोळ, कपडे?"

"समदं करतो." सरिता अडखळली. "म्हणजे, मीच करते."

"झोपतो?"

"असा अंगावर घेतला की झोपतो."

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि तिच्याजवळ खाली येऊन बसल्या. "ताई, त्याच्या रडण्याचे टक्के नसतात हो. मागच्या वेळी सनीला कोणी तपासलंच नाही, तुम्हाला तपासून पाठवलं. आता मला पहिल्यापासून सांगा, पण तुम्हाला वगळून. तुम्ही जवळ नसताना सनी काय काय करतो?"

सरितानं आठवून पाहिलं. पुष्कळ आठवून पाहिलं. सनीच्या केसांतून तिची बोटं फिरत राहिली.

"वाट बघतो, मॅडम," ती म्हणाली.