बद्द जागा

सायकलच्या शर्यतीत तो कायम दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून जायचा, म्हणून क्लबात सगळे त्याला गोचीड म्हणत. ज्याच्या मागे तो आयुष्यभर चिकटला, तो गडी गेला. महिना उलटायच्या आत गोचीड त्याच्या घरी हजर, त्याचं मागचं चाक मागायला. कार्बनचं, तारांऐवजी सबंध काळी तबकडी असलेलं.

त्याने नाण्याने चाक ठोकून पाहिलं. सगळीकडे टणटण वाजलं; तळहाताएवढ्या एका जागी मात्र फुटक्या मडक्यासारखं बद्द. तेवढ्यापुरता आतला थर सुटला होता; एवढं तर कुणीही दुरुस्त करून दिलं असतं.

"वहिनी, हे आतून पार गेलंय," तो तोंड पाडून म्हणाला. "भंगारवालाही हात लावणार नाही. मी नेतो, तुमची अडगळ तरी कमी होईल."

"न्या भावजी," ती म्हणाली. "यांचंही वरून काही दिसत नव्हतं."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाऊन गोचीड घरी आला. चाक भिंतीला टेकवून त्याने ती जागा पुन्हा ठोकली. टण. आजूबाजूला ठोकलं. टण, टण. बद्द जागा कुठेच नव्हती.

"अगं, इकडे ये! चाक ठणठणीत निघालं!"

"नशीब काढलंत हो," म्हणत बायकोने त्याच्या पाठीवर थाप दिली, आणि तिचा हात तिथेच थांबला. तिने जरा खाली थोपटलं. मग पुन्हा वर, त्याच जागी.

बद्द.

या वेळी त्यानेही ऐकलं.

"हलू नका," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातलं नाणं काढून घेतलं.